एका मताची किंमत : वायोमिंगच्या पहिल्या अधिवेशनाची गोष्ट

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज मी तुम्हाला फार लांब नेणार आहे, अमेरिकेत. काळही लांबचा, दीडशे वर्षांपूर्वीचा. पण गोष्ट ऐकताना तुम्हाला आपल्या ग्रामसभेची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

आधी एक घरचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका गावात महिला सभा भरली होती. बायकांनी बाजाराच्या जागेजवळ शौचालय हवं असा ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले, सह्या केल्या, अंगठे उमटवले आणि खुशीत घरी गेल्या. वर्षभरानं विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, "ताई, असा ठराव वहीत नाहीच." वही उघडून बघितली. हजेरीच्या पानावर सह्या होत्या, ठरावाच्या पानावर मात्र त्याबद्दल एक ओळही नव्हती. तेव्हापासून सभेत कोण काय बोललं यापेक्षा काय लिहिलं गेलं, याकडे मी जास्त लक्ष देते. वायोमिंगची गोष्ट मला आवडते ती त्यामुळेच.

अमेरिकेच्या पश्चिमेला वायोमिंग नावाचं राज्य आहे. डोंगर, माळरान आणि कडाक्याची थंडी असलेला हा मुलूख. तिथे शोशोनी, अरापाहो, शायान, लकोटा असे मूळचे लोक राहत होते. १८६७ साली रेल्वेचे रूळ तिथवर पोचले आणि शायान नावाचं गाव उभं राहिलं. त्याच सुमाराला साउथ पास नावाच्या खिंडीजवळ सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. रेल्वेचे मजूर आले, खाणवाले आले, दुकानदार आले, दारूचे गुत्तेवाले आले. आले ते बहुतेक पुरुषच. १८७० च्या जनगणनेत या अवाढव्य मुलखाची लोकसंख्या भरली ९,११८. आज आपल्या तालुक्यातलं एखादं मोठं गाव तेवढं असतं. मोठ्या माणसांमध्ये साधारण सहा पुरुषांमागे एक बाई असं तिथलं प्रमाण होतं.

वायोमिंग तेव्हा राज्य नव्हतं. त्याला टेरिटरी म्हणत, म्हणजे राज्याचा दर्जा अजून न मिळालेला प्रदेश. २५ जुलै १८६८ ला अमेरिकेच्या संसदेनं हा प्रदेश वेगळा काढला. तिथला गव्हर्नर लोक निवडत नसत, राष्ट्राध्यक्ष नेमून पाठवत. कायदे करायला मात्र स्थानिक लोकांनी निवडलेलं विधिमंडळ असे. पहिल्या निवडणुकीत फक्त पुरुषांनी मत द्यायचं असं वरून ठरवून दिलं होतं. त्यानंतर मत कुणाला द्यायचं, हे मात्र स्थानिक विधिमंडळानं ठरवायचं होतं. फट होती ती एवढीच, आणि गोष्ट पुढे सरकली ती त्याच फटीतून.

१२ ऑक्टोबर १८६९ ला शायानमध्ये पहिलं अधिवेशन सुरू झालं. विधानभवन वगैरे काही नव्हतं, भाड्याच्या जागेत काम चाले. दोन सभागृहं होती. वरच्याला कौन्सिल म्हणत, खालच्याला हाउस. दोन्ही मिळून जेमतेम वीस-बावीस सभासद. सगळे पुरुष आणि सगळे एकाच, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे. गव्हर्नर होता जॉन कॅम्पबेल, तो विरुद्ध पक्षाचा, रिपब्लिकन. म्हणजे सरपंच एका गटाचा आणि सगळे सदस्य दुसऱ्या गटाचे असावेत, तसा मामला.

कौन्सिलचा अध्यक्ष होता विल्यम ब्राइट. हा माणूस साउथ पास सिटी या खाणीच्या गावात दारूचा गुत्ता चालवायचा. शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नव्हतं. बायकोचं नाव ज्युलिया, ती त्याच्यापेक्षा वयानं बरीच लहान. बाईला मत असावं असं ज्युलियाचं मत होतं आणि नवऱ्याला तिच्या शब्दाची किंमत होती. अधिवेशनाच्या उत्तरार्धात, नोव्हेंबरमध्ये, ब्राइटनं विधेयक मांडलं. त्यात म्हटलं होतं की या प्रदेशात राहणाऱ्या सज्ञान बाईला प्रत्येक निवडणुकीत मत देता येईल आणि पुरुषासारखंच पदही घेता येईल. त्या वेळी अमेरिकेच्या एकाही राज्यात बाईला असा पूर्ण हक्क नव्हता.

तुम्ही विचाराल, त्या सगळ्या पुरुषांना एकदम बायकांचा एवढा कळवळा कसा आला? खरं सांगायचं तर सगळ्यांना नव्हता आला. एकाच ठरावाला हात वर करणाऱ्यांच्या मनात वेगवेगळं असतं, हे आपण ग्रामसभेत बघतोच की.

काहींना वाटत होतं, आपल्या मुलखाचं नाव वर्तमानपत्रात गाजेल आणि बायका इकडे राहायला येतील. काहींना गव्हर्नरची फजिती करायची होती. ठराव आपण करू, रिपब्लिकन गव्हर्नर तो फेटाळेल, मग बायकांचा शत्रू तो ठरेल, असा डाव होता. काहींना ही निव्वळ गंमत वाटत होती. आणि एक कारण चांगलं नव्हतं, पण सांगितलं पाहिजे. अमेरिकेत गुलामगिरी नुकतीच संपली होती आणि काळ्या पुरुषांना मताचा हक्क देण्याची घटनादुरुस्ती होऊ घातली होती. ब्राइटसारख्यांचं म्हणणं होतं, काळ्या पुरुषाला मत मिळत असेल तर माझ्या आईला आणि बायकोला का नको? म्हणजे बाईच्या हक्काला पुढे ढकलताना एक हात दुसऱ्या माणसाला खाली लोटत होता. आपण बाई म्हणून आनंद मानावा, पण हे विसरू नये.

मनापासून बाजूचे लोकही होते. गव्हर्नरच्या खालोखालचा अधिकारी एडवर्ड ली यानं आपल्या मूळच्या कनेक्टिकट राज्यातही हा प्रश्न पूर्वी लावून धरला होता. त्याच शरदात अ‍ॅना डिकिन्सन ही गाजलेली वक्ती शायानला येऊन भाषण देऊन गेली होती. हवा तयार व्हायला असे लोक लागतात.

कौन्सिलमध्ये विधेयक ६ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, एक जण गैरहजर होता. खालच्या सभागृहात मात्र खरी गंमत झाली. तिथे बेन शीक्स नावाचा तरुण वकील होता, ब्राइटच्याच गावचा. तो कडवा विरोधक. त्यानं सूचना केली की हा विषय ४ जुलैपर्यंत पुढे ढकलावा. ४ जुलै म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन, सुट्टीचा दिवस, तोवर अधिवेशनही संपलेलं असणार. "पुढच्या सभेत बघू" हे वाक्य आपणही ऐकलंय ना? ते इतकं जुनं आहे.

मग विरोधकांनी दुरुस्त्या आणल्या. एक जण म्हणाला, 'बाई' हा शब्द काढा आणि 'सर्व काळ्या बायका आणि आदिवासी बायका' असं घाला. आदिवासी बायकांसाठी त्यानं शब्दही हिणकस वापरला होता. हेतू हा की बाकीचे चिडतील आणि विधेयक पडेल. कुणी म्हणालं, वयाची अट तीस करा. त्यामागे चेष्टा अशी की तीस वर्षं पूर्ण झाली हे कुठली बाई कबूल करणार, म्हणजे मत द्यायला कुणी येणारच नाही. या सगळ्या सूचना पडल्या. मूळ विधेयकात वय १८ होतं, ते २१ केलं, एवढी एकच दुरुस्ती टिकली. ७ विरुद्ध ४ मतांनी विधेयक मंजूर झालं.

आता चेंडू गव्हर्नरच्या अंगणात होता. डाव टाकणाऱ्यांना वाटत होतं की तो नाकारेल. त्यानं १० डिसेंबर १८६९ ला सही केली. डाव डाव करणाऱ्यांच्या हातात कायदा आला!

याच अधिवेशनात आणखी दोन गोष्टी झाल्या. त्या कमी बोलल्या जातात, पण बचतगटातल्या बायकांनी त्या ऐकल्याच पाहिजेत. एक, लग्न झालेल्या बाईची स्वतःची मालमत्ता आणि स्वतःची कमाई तिच्या स्वतःच्या ताब्यात राहील असा कायदा झाला. दोन, शिक्षकांची पात्रता सारखी असेल तर बाई की पुरुष हे बघून पगारात फरक करायचा नाही, असं ठरलं. आपल्याकडे आजही खुरपणीला बाईची हजेरी वेगळी आणि गड्याची वेगळी असते. ते साल १८६९ होतं, हे लक्षात ठेवा.

कायदा कागदावर आला, पण तो वापरणार कोण? १८७० च्या फेब्रुवारीत साउथ पास सिटीत एस्थर मॉरिस नावाच्या बाईला न्यायाधीश नेमलं. अमेरिकेतली ही पहिली बाई न्यायाधीश. पंचावन्नच्या घरातली, उंचीपुरी, कायद्याचं शिक्षण नसलेली. लहानसहान भांडणं, येणी-देणी, मारामाऱ्या अशी प्रकरणं तिच्यापुढे येत. आधीच्या न्यायाधीशानं कोर्टाचं दप्तर तिला द्यायला नकार दिला, म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि तो खटलाही तिच्यापुढेच आला. तिनं काय केलं असेल? तिनं तो काढून टाकला. माझाच संबंध असलेल्या भांडणात मी निवाडा करणं बरोबर नाही, असं तिचं म्हणणं. मग नवी कोरी वही घेऊन काम सुरू केलं. आठ-साडेआठ महिने तिनं ते पद सांभाळलं.

मार्चमध्ये लॅरमी गावात बायका ज्युरीत बसल्या. ज्युरी म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात न्यायाधीशाला मदत करणारे गावातले पंच. लांबलांबच्या वर्तमानपत्रांचे लोक चित्रं काढायला आले, तेव्हा बायका तोंडावर जाड जाळीचे पदर घेऊन कोर्टात जात. मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या पंच बायकांची टिंगलीची चित्रं तरीही छापली गेलीच. बायकांनी काम मात्र नेटानं केलं. रविवारी कायदा मोडून गुत्ते उघडे ठेवणाऱ्यांवरही त्यांच्या ज्युरीनं आरोप ठेवले. आपल्या दारूबंदीच्या मोर्च्यातल्या बायकांना हे ऐकून बरं वाटेल.

आणि मग आला ६ सप्टेंबर १८७०. मतदानाचा दिवस. लॅरमीत लुइझा स्वेन नावाची आजी राहायची, सत्तरीला आलेली. सकाळी लवकर ती घरातून निघाली. अंगावर स्वच्छ एप्रन, हातात एक भांडं. तिला यीस्ट आणायचं होतं, पाव फुगवायला लागतं ते. वाटेत मतदानाची जागा लागली. आजी आत गेली, मत दिलं आणि आपलं यीस्ट घ्यायला पुढे गेली. वायोमिंगच्या कायद्याखाली मत देणारी ती पहिली बाई मानतात. शेजारच्या यूटा प्रदेशानं कायदा नंतर, म्हणजे १८७० च्या फेब्रुवारीत केला, पण तिथे निवडणूक लगेच असल्यानं तिथल्या बायकांनी मत आधी दिलं. तरी मला ती आजी जवळची वाटते. विरजण आणायला निघालेली बाई जाता जाता इतिहास करून गेली.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण दिलेला हक्क परत मागणारे फार लांब गेलेले नसतात. बायकांनी मत दिलं, आणि डेमोक्रॅट लोकांच्या लक्षात आलं की बऱ्याच बायकांनी आपल्याला मत दिलेलंच नाही! १८७१ ला दुसरं अधिवेशन भरलं आणि बायकांचा मताचा हक्क काढून घ्यायचं विधेयक आलं. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. गव्हर्नर कॅम्पबेलनं ते नाकारून परत पाठवलं. त्याचा नकार मोडायला दोन तृतीयांश मतं लागत. खालच्या सभागृहानं ९ विरुद्ध २ मतांनी नकार मोडला. वरच्या सभागृहात नऊ सभासद होते, म्हणजे सहा मतं हवी होती. मतं पडली पाच विरुद्ध चार. एक मत कमी पडलं.

बायांनो, एक मत! तो एक हात वर गेला असता तर वायोमिंगच्या बायकांचा हक्क दोन वर्षांत गेला असता. ज्युरीत बसण्याचा हक्क तर वाचलाच नाही. नवा न्यायाधीश आला, त्यानं १८७१ मध्ये बायकांना ज्युरीवर घेणं बंद केलं. ते पुन्हा सुरू व्हायला १९५० उजाडलं. यूटाच्या बायकांचा मताचा हक्कही १८८७ साली अमेरिकेच्या संसदेनं काढून घेतला. म्हणून मी म्हणते, मिळालं म्हणजे कायमचं मिळालं असं धरून झोपू नये.

वायोमिंगच्या बायका मत देत राहिल्या, वीस वर्षं. १८८९ ला राज्य होण्यासाठी घटना लिहायची वेळ आली, तेव्हा घटना लिहिणाऱ्या सभेत एकही बाई नव्हती. पण तोवर बाईनं मत देणं ही रोजची गोष्ट झाली होती. घटनेत बाईचं मत तसंच ठेवलं गेलं. वॉशिंग्टनच्या संसदेत यावर मोठा वाद झाला, बायकांना मत असलेलं राज्य आम्ही का घ्यावं, असं विचारणारे होते. तिथल्या खालच्या सभागृहात वायोमिंगला राज्य करायचं विधेयक १३९ विरुद्ध १२७ मतांनी कसंबसं पार पडलं. १० जुलै १८९० ला वायोमिंग राज्य झालं, बायकांच्या मतासकट. साऱ्या अमेरिकेच्या बायकांना घटनेनं मताचा हक्क मिळायला १९२० साल यावं लागलं. त्याच १९२० मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सन या छोट्या गावानं नगराध्यक्षासकट सगळ्या बायकाच निवडून दिल्या. त्यातल्या एकीनं तर उभ्या असलेल्या स्वतःच्या नवऱ्याला हरवलं!

पण सगळ्या बायका म्हणताना कुणाला वगळलं, तेही बघू. ज्यांची ती जमीन होती त्या आदिवासी बायकांना नागरिकच मानत नव्हते. अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं ते १९२४ मध्ये. चीनमधून आलेल्यांना तर नागरिक होण्याची वाटच बंद होती. म्हणजे वायोमिंगचं दार उघडलं हे खरं, पण उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या बायकाही होत्या. आपल्या गटात, आपल्या ग्रामसंघात उंबऱ्याबाहेर कोण उभी आहे, हा प्रश्न आपणही विचारावा.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. एस्थर मॉरिसबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते. तिनं म्हणे निवडणुकीआधी घरी चहापाण्याला उमेदवारांना बोलावलं आणि त्यांच्याकडून मताच्या कायद्याचं वचन घेतलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं हळदीकुंकू आठवलं. बाईनं चहाच्या कपावर कायदा करून घेतला, किती छान! पण ही गोष्ट लिहिली गेली पन्नास वर्षांनी, एका गृहस्थाकडून. त्या काळच्या कागदात चहापाण्याचा उल्लेख सापडत नाही. एस्थरचं न्यायाधीशपण खरं आहे, ते दप्तरात आहे. चहाची गोष्ट बहुधा मागाहून जोडलेली.

मग खरं काय राहिलं? अधिवेशनाची नोंदवही. त्यात कोणी विधेयक मांडलं, कोणती दुरुस्ती कोणी सुचवली, कोण बाजूनं, कोण विरुद्ध, हे लिहिलेलं आहे. भाषणं कुणी उतरवून ठेवली नाहीत. म्हणून बेन शीक्सनं काय चाल केली ते आज आपल्याला कळतं, पण रात्री जेवताना ज्युलिया ब्राइट नवऱ्याला काय म्हणाली ते कळत नाही. जिच्या बोलण्यावरून गोष्ट सुरू झाली असावी, तिचा एक शब्द वहीत नाही. बायकांनी घरात बोलायचं आणि पुरुषांनी सभेत मांडायचं असं असलं, की बायकांचं बोलणं असं हवेत विरतं.

म्हणून या महिन्याच्या सभेत एक काम करा. आपल्या गटाची इतिवृत्ताची वही काढा आणि मागची पाच पानं मोठ्यानं वाचा. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, नेहमी त्याच दोन नावांवर गाडी अडलीय का, बघा. ज्या मावशी कोपऱ्यात बसून बरोबर मुद्दा सांगतात, त्यांचं नाव सूचक म्हणून लिहा. आणि ग्रामसभेला गेलात की ठराव वाचून दाखवल्याशिवाय आणि लिहिलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही.

त्या बाजाराजवळच्या शौचालयाचा ठराव बायकांनी पुन्हा केला. या वेळी दोघी जणी वहीजवळ उभ्या राहिल्या, लिहून होईपर्यंत. काम अजून झालेलं नाही. पण आता ठराव वहीत आहे, आणि वहीतल्या ओळीला "असं ठरलंच नव्हतं" म्हणता येत नाही.